गुलाबाच्या पानांची वाटी

मी बोलतेय ती एका बांबूच्या पोकळीतून. जोगेश्वरीच्या चाळीत सुंदराबाईच्या दाराबाहेर कपडे वाळत घालायचा बांबू टांगलाय, त्याच्या टोकाशी माझा मुक्काम. बोटाच्या पेराएवढी मी, पानांची वाटी. झाकणासकट.

मूळची मी गुलाबाची. सुंदराबाईनं तेलाच्या डब्यात लावलेला गुलाब. एका सकाळी एक काळसर माशी आली, मधमाशीची लांबची बहीण. पानाच्या कडेला बसली, तोंडानं गोल तुकडा कापला आणि पोटाशी धरून उडाली. अशा कितीतरी खेपा. तुकड्यावर तुकडा बसवून तिनं मला घडवलं, आत पराग नि मधाची खीर भरली, खिरीवर एक अंडं ठेवलं, वर झाकण लावलं, आणि गेली ती गेलीच.

तेव्हापासून मला चैन नाही. पोटात दुसरीचं लेकरू, बाहेर भांडण.

झालं असं, की शेजारच्या द्रौपदीबाईची नात मनाली त्याच दिवशी उंबऱ्यात बसून शाळेच्या तक्त्यासाठी गोल गोल कागद कापत होती. सुंदराबाईनं तिच्याकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं.

"द्रौपदी, तुझ्या नातीक कात्री कोणी दिली गो? माझ्या झाडाची वाट लावल्यान तिना."

"माझी पोर पानं कापंल व्हय? आधी चष्मा पूस तुझा."

"पुसानच बघितलंय."

तीस वर्षं या दोन दारांमधून वाटी फिरली. आज कुळथाची पिठी, उद्या मटकीची उसळ. रिकामी वाटी परत करायची नाही, हा दोघींचा नेम. भांडणाच्या दिवशी द्रौपदीबाईची वाटी सुंदराबाईकडे राहिली. रिकामी देववेना, भरायला मन होईना. फळीवर पालथी पडली. आणि रोज "आजी, येऊ?" म्हणणारी मनाली मान खाली घालून दारावरून जायला लागली.

मला वाटे, आपण सापडावं, म्हणजे पोर सुटेल. लगेच वाटे, सापडूच नये. हाताला लागलेली वस्तू माणूस फोडून बघतोच, आणि आत अळी खीर खाऊन गुबगुबीत झालेली.

एक दिवस सुंदराबाईनं चादर जोरात ओढली. बांबू भिंतीवर आदळला नि मी घरंगळत मनालीच्या पायाशी. पोरीनं मला उचललं, झाकण निरखलं, आणि पानाच्या कापलेल्या कडेला लावून पाहिलं. अगदी बरोबर बसलं.

"आजी, हे बघा."

सुंदराबाईनं मला घेतलं. झाकणाला नख लावलं. "आत काय हा, फोडून बघूया."

"नको," द्रौपदीबाई दारातूनच म्हणाली. पंधरा दिवसांतला पहिला शब्द. "कुणाचं तरी घर हाय ते. अजून पुरावा पायजे व्हय तुला?"

नख थांबलं. मनालीनं मला परत बांबूत सारलं.

संध्याकाळी फळीवरची वाटी सुलटी झाली. काळ्या वाटाण्याची सांबारी भरून सुंदराबाईनं ती नेली, पण द्रौपदीबाईच्या नाही, मनालीच्या हातात दिली. "चुकलंय गो बाय."

आता मी वाळून तपकिरी झालेय. आतून कुरतडणं सुरू आहे. लेकराला बाहेर पडायचं तर मला फोडूनच. त्याला माझी ना नाही. दोन दिवस तेवढा बांबू हलवू नका. आणि पान कापलेलं दिसलं, तर शेजारच्या पोरीकडे बोट दाखवण्याआधी थोडा वेळ झाडापाशी बसा.

आज सकाळी गुलाबावर पुन्हा एक माशी आली. सुंदराबाईनं हाकलायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.