न उघडलेलं इंजिन

नाना गेले तेव्हा त्यांच्या गाडीला एकोणपन्नास वर्षं झाली होती, आणि तिचं इंजिन कारखान्यातून आलं तसंच होतं. एकदाही उघडलेलं नव्हतं. पुढची चौदा वर्षंही ते तसंच राहिलं, ते त्यांच्या धाकट्या मुलीमुळे.

धाकटी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर होती. दर रविवारी ती आईच्या घरामागच्या गॅरेजात यायची. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडायची, मग हँडल लावून इंजिन हाताने वीस वेळा फिरवायची. त्यानंतरच चावी. इंजिनात तेल घालायचं तेही साधं, जुन्या पद्धतीचं. इतक्या वर्षांचा काळा गाळ तळाशी घट्ट बसला होता. आजच्या तेलात सफाईचा मसाला असतो, त्याने तो गाळ सुटला असता, खालच्या जाळीत अडकला असता आणि बेअरिंगला तेल मिळालं नसतं. नाना म्हणायचे, "म्हाताऱ्याच्या पोटात जे बसलंय ते बसू द्यावं. जुलाब दिलात तर माणूसच जायचा."

थोरल्या भावाला बॉनेटचा खटका कुठे आहे हेही माहीत नव्हतं. पण शहरात जुन्या गाड्यांचा क्लब निघाला, 'मूळ स्थिती'तल्या गाडीसाठी बक्षिसाची ढाल ठेवली गेली, आणि त्याला अचानक वडिलांच्या गाडीचा पुळका आला. एका दुपारी तो आईकडे कागद घेऊन आला.

"आई, विम्याचं आहे. इथे सही कर."

आईचा चष्मा आत राहिला होता. तिने सही केली. कागद गाडी त्याच्या नावावर करून घेण्याचा होता. दोन दिवसांनी थोरला गाडी घेऊन गेला. धाकटी रविवारी आली तेव्हा गॅरेजात तेलाचा डाग तेवढा उरला होता.

तिने फोन केला तर तो म्हणाला, "घरातच आहे ना गाडी? बाहेर कुठे गेलीय?"

तरी क्लबच्या प्रदर्शनाला ती गेली. बॉनेट उघडं होतं, लोक वाकून बघत होते. एका म्हाताऱ्या परीक्षकाने विचारलं, "साठीच्या पुढचं इंजिन इतकं शांत चालतं? कोण बघतं हे?"

"मीच," थोरला म्हणाला. मग त्याची नजर बहिणीवर गेली. तिची काळी नखं, तिचा कामावरचा शर्ट. हसून म्हणाला, "ही आमची धाकटी. पुसायला येते."

चारजण हसले. धाकटीही हसली. घरी येऊन तिने तीनदा हात धुतले, आणि नखं काळीच राहिली तेव्हा साबण भिंतीवर फेकून मारला.

नऊ दिवसांनी थोरल्याचा फोन आला. क्लबची फेरी ठरली होती, लांबचा पल्ला, मधे मोठा चढ.

"जायच्या आधी तेल बदलून घेतो म्हणतो. दुकानदार म्हणतो सगळ्यात महागाचं घाला, एकदम नवीन आलंय. घालू ना?"

धाकटी पंपघरात होती. मागे चार पंप घरघरत होते. एक शब्द सांगायला पुरे होता. तो तिच्या जिभेवर आला होता.

"घाल की," ती म्हणाली. "नानांच्या गाडीला स्वस्तातलं कशाला?"

"तेच म्हटलं मी!"

फोन ठेवून ती पंपाला ग्रीस भरायला गेली. त्या रात्री तिला गाढ झोप लागली, याचं तिलाच नवल वाटलं.

पुढचे आठ दिवस थोरला गाडी शहरभर मिरवत होता. फेरीच्या दिवशी धाकटीने रजा टाकली आणि चढावरच्या वळणावर जाऊन उभी राहिली. गाड्या एकेक करून वर येत होत्या. नानांची गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. खालून कुणी दारावर ठोकावं तसा ठक ठक आवाज. धाकटीला तो आवाज ओळखीचा होता. बेअरिंग कोरडं पडलं होतं. अजूनही गाडी थांबवली असती तर इंजिन वाचलं असतं. ती रस्त्याच्या कडेला होती, हात वर केला असता तर त्याला दिसला असता. तिने दोन्ही हात खिशात घातले.

थोरल्याने जोर लावला. गाडी तिच्या समोरून गेली, पन्नासएक पावलांवर आतून कडाड असा आवाज झाला आणि रस्त्यावर काळं तेल पसरलं. कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाच्या भिंतीतून बाहेर आला होता.

संध्याकाळी धाकटी आईकडे बसली होती तेव्हा तो आला, शर्ट तेलाने माखलेला.

"वळणावर उभी होतीस. तुला माहीत होतं!"

"होतं."

"नानांचं इंजिन होतं ते!"

"नानांचं? कागदावर तर तुझं नाव आहे."

तो आईकडे बघत राहिला, आई काही बोलेल म्हणून. तिने त्याच्या तेलकट शर्टाजवळची खुर्ची बाजूला ओढली. तो दार आपटून गेला.

धाकटी खाली मान घालून बसली. आता आई काय म्हणेल, याचीच तिला धास्ती होती. आईने विचारलं, "तू वळणावर उभी होतीस?"

"हो."

"मग मला नाही न्यायचंस? मीही बघितलं असतं."

थोरल्याने गाडीत दुसरं इंजिन बसवलं. क्लबने त्याला बदललेल्या गाड्यांच्या रांगेत, मागे, उभं केलं. तो बहिणीशी बोलेनासा झाला. जुनं इंजिन त्याने भंगारात टाकलं, तेव्हा धाकटीने टेंपो करून ते आईच्या गॅरेजात आणलं आणि रविवारी पहिल्यांदाच उघडलं. आई स्टुलावर बसून नट डब्यात टाकत होती.

चौथं सिलिंडर फाटलं होतं. बाकीच्या तिन्हींच्या आत कारखान्याच्या बारीक तिरप्या रेघा अजून जागच्या जागी होत्या. त्रेसष्ट वर्षांत झिजल्या नव्हत्या. धाकटीने त्यांवरून बोट फिरवलं आणि एकदम तिला रडू फुटलं.

"भावासाठी रडतेस?" आईने विचारलं.

"नाही. ह्याच्यासाठी."

"मग रड," आई म्हणाली, आणि पुढचा नट घ्यायला हात पुढे केला.