पाच मिलिमीटर डावीकडे

चार वर्षं रचनाने ते यंत्र फक्त मुंबईतल्या कॉम्प्युटरवर चालवलं होतं. प्रत्यक्ष पाहिलं ते आज, मांडव्याला उतरून अलिबागजवळच्या प्रयोगशाळेत आल्यावर. माणसापेक्षा उंच, नळ्यांनी वेढलेला जायरोट्रॉन, घरातल्या मायक्रोवेव्हच्या हजारपट ताकदीच्या लहरी सोडणारा. सूर्यासारखी ऊर्जा इथे बनवायची तर वायू कोट्यवधी अंश तापवावा लागतो, त्यासाठी या लहरी.

पण तिला बोलावलं होतं ते चूक शोधायला.

“हे बघ,” प्रयोगशाळेचे प्रमुख सलिल सर म्हणाले. त्यांच्या हातात एटीएमच्या पावतीसारखा, उष्णतेने काळा पडणारा कागद होता. चाचणीत तो वाटेत लावला की लहरी कुठे पडल्या ते उमटतं. ठिपका मध्यापासून पाच मिलिमीटर डावीकडे होता, आधीच्या चाचण्यांसारखाच. “तुझं गणित म्हणतं बरोबर मध्ये. कुठेतरी चुकलंय.”

गणित तिने तीनदा तपासलं होतं. राग यायला हवा होता, पण त्या ठिपक्याने तिला भुरळच घातली. पाचच का? आणि दर वेळी डावीकडेच?

यंत्र बंद झाल्यावर ती आत गेली. फिटर चंदर नळ्या पुसत होता.

“काका, लहरी वळवणारे आरसे कुणी बसवले?”

“म्याच की.”

“अगदी नकाशाबरहुकूम?”

चंदर घुटमळला. “खरं सांगू? पहिल्याचा एक पाय डुगडुगत व्हता. खाली वायसर सारला. अर्ध्या मिलिमीटरचा. कुणी इचारलंच न्हाय.”

रचना तिथेच फरशीवर बसली, लॅपटॉप मांडीवर. आकडेमोडीत तिने आरसा तेवढाच कलता केला. उत्तर यायला पाऊण तास लागला. तोवर चंदर चहा घेऊन आला आणि चष्मा चढवून शेजारी टेकला. पडद्यावर ठिपका उमटला. डावीकडे. पाच.

“म्हंजी माझी चूक?”

“मलाच वायसर ठाऊक नव्हता, काका.”

रचनाने सलिल सरांना बोलावलं. त्यांनी कागदावरचा ठिपका पडद्यावरच्या ठिपक्याशेजारी धरून पाहिला. “वायसर काढू या?”

“आरसा पुन्हा डुगडुगंल,” चंदर म्हणाला.

मग ठिपका मध्यावर आणायला दुसरा आरसा किती वळवायचा ते रचनाने काढलं आणि चंदरने तो तेवढाच वळवला. संध्याकाळच्या चाचणीत कागद बरोबर मध्यावर काळा झाला. सलिल सर हसले. “गणिताला नावं ठेवली, माफ कर.”

रचनाचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने वही उघडली.

“काका, नकाशात नाही असं अजून काय काय आहे आत?”

चंदरने स्टूल ओढलं. “बसा, मॅडम. येळ लागंल.”