अर्धा पीळ

नर्सने बाकावर सामान मांडून मोजलं. पट्ट्यांची सात भेंडोळी, दोन कात्र्या, हातमोजे एकोणतीस आणि टूर्निकेट एक. जखमेच्या वर बांधून, दांडी पिळून आवळायचा हा पट्टा नऊ गावांत वापरून मऊ पडला होता. इथल्या प्रथमोपचाराच्या वर्गात चार जण पास झाले होते. पाचवं माणूस झालं तरच ही पिशवी गावात राहणार होती, नाहीतर संध्याकाळी तिच्याबरोबर पुढच्या गावाला. दवाखाना इथून दोन तासांवर होता.

"चला, पुन्हा एकदा," ती म्हणाली. तिचा आवाज कालच बसला होता.

शाळेच्या फरशीवर गावचा जीपवाला पाय पसरून पडलेलाच होता. चार दिवस पेशंट तोच. शिवणकाम करणारी बाई त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. पट्टा पहिल्याच झटक्यात जागी गेला. तिने दांडी पिळली, एक पीळ, मग दुसरा. जीपवाला विव्हळला आणि तिची बोटं अर्धा पीळ मागे आली.

नर्सने त्याच्या पावलावर दोन बोटं ठेवली. नाडी चालू होती, म्हणजे रक्त अजून थांबलं नव्हतं.

"ताई, इतक्या मायेनं माझी आईसुद्धा कधी पाय दाबत नाही," जीपवाला म्हणाला. भिंतीशी बसलेले चौघे हसले.

"दुखायलाच हवं," नर्स म्हणाली. "ओरडू दे. ओरडतोय म्हणजे जिवंत आहे."

"कळतं मला."

"मग हात मागे का येतो?"

बाई गळ्यातली मापाची टेप बोटाला गुंडाळत राहिली. नर्स खाली बसून पट्ट्या पिशवीत भरू लागली. वाकल्यावर तिची कंबर भरून आली.

"असू दे. सगळ्यांना जमतंच असं नाही."

"थांबा जरा, सिस्टर."

दारातून बाईची सासू उठली. रोज ती सुनेला न्यायला लवकर यायची आणि वर्ग सुटेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायची. चपला बाजूला काढून ती आत आली.

"ऊठ रे, पुष्कळ लोळलास," ती जीपवाल्याला म्हणाली.

"आजी, या वयात..."

"शुगर नाही, बीपी नाही. पायाचं कुठलं दुखणं नाही. तुम्ही हेच विचारता ना सगळ्यांना? ऐकतेय मी."

नर्सने तिच्या दोन्ही पावलांच्या नाड्या तपासल्या. "आवळल्यावर अर्धाच मिनिट. मग मी स्वतः सोडेन."

सासू फरशीवर आडवी झाली.

"ताई, सासूचा पाय आयता मिळालाय. हौस भागवून घ्या," भिंतीशी कोणीतरी म्हणालं. या वेळी जीपवाला हसला नाही.

सून जागची हलली नव्हती. "आई, नको."

"हिनं बांधलं होतं, सिस्टर," सासू छताकडे बघत म्हणाली. "गेल्या वर्षी खाणीत माझ्या मुलाची मांडी फाटली तेव्हा. कापडात काठी घालून पिळलं होतं, कोणी न शिकवता. रक्त थांबलंही होतं. मग जीपमध्ये तो ओरडायला लागला. मीच म्हणाले, सोड गं थोडं, दुखतंय त्याला."

जीपवाला खिडकीबाहेर बघत होता. त्या दिवशी गाडी त्यानेच चालवली होती; दवाखाना येण्याआधीच मागचं ओरडणं थांबलं होतं.

"सोडलं मी," सून म्हणाली.

"मी म्हणाले म्हणून. बस खाली."

सून बसली. तिने सासूच्या लुगड्याची घडी नीट सारली आणि पट्टा मांडीवर चढवला. नर्सने घड्याळाकडे पाहिलं. पहिला पीळ. दुसऱ्याला सासूच्या पायाची बोटं आखडली. तिसऱ्याला तिने फरशीवर तळहात दाबून धरला.

"सोड गं," ती म्हणाली. मग जरा वेगळ्या आवाजात, "सोड ना. दुखतंय."

दांडीवर सुनेची नखं पांढरी झाली होती. तिने आणखी अर्धा पीळ दिला आणि दांडी खाचेत अडकवली.

नर्सने पावलावर दोन बोटं ठेवली, जागा बदलून पुन्हा ठेवली.

पट्टा बांधायला एकतीस सेकंद लागले होते. पावलावर नाडी लागत नव्हती.