एका दिवसाने काय बिघडतं?

आमच्या पेपरात 'आजचा दिवस' हे सदर मी लिहिते. या तारखेला इतिहासात काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं, एवढंच. लोक चहाबरोबर वाचतात आणि कप खाली ठेवेपर्यंत विसरतात. माझी आत्या, आता ऐंशीच्या पुढची, ते वर्षातून एकदाच वाचते, सोळा तारखेला. त्या तारखेला साबणाच्या कारखान्यात बॉयलर फुटून अकरा कामगार गेले, त्यांतला एक तिचा नवरा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती ओळ दिसली की आत्या पेपराची नीट घडी घालते आणि कामाला लागते.

यंदा संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या बोलण्यात इतका गोडवा की पाठीमागे सगळे त्यांना साखरसाहेबच म्हणतात. कारखान्याचे आताचे मालक सोळालाच साठ वर्षांचे होणार होते आणि त्यांची पानभर जाहिरात आली होती. वर जन्मात मालकांचं नाव आणि खाली मढी, हे बरं दिसत नाही, असं साहेबांचं म्हणणं. ओळ काढायची नाही हो, फक्त सतराला सरकवायची. एका दिवसाने कुणाचं काय बिघडतं?

मला शिसारी आली. दोन्ही गोष्टी एका तारखेला आल्या हा काही योगायोग नव्हता. वारस जन्मला म्हणून थोरल्या मालकांनी त्या दुपारी बॉयलरवरच्या माणसाला बंगल्यावर रोषणाईच्या कामाला जुंपलं होतं. इकडे बॉयलरकडे बघायला कुणी उरलं नव्हतं. ही गोष्ट जुन्या लोकांना पाठ आहे आणि साहेबांनाही चांगली ठाऊक आहे. तारीख हलवणार नाही, असं मी तोंडावर सांगितलं. साहेब गोड हसले आणि बघू म्हणाले.

सोळाला मी लिहिलेली ओळ पानावर नव्हती. जन्मात मालक मात्र ठळक अक्षरांत होते. आत्याने अख्खा पेपर चाळला, जाहिरातीचं पानसुद्धा, जिथे मालक बत्तीशी दाखवत उभे होते. मला तिच्याकडे बघवेना. सतराला ती ओळ आली. आत्याने ती दोनदा वाचली, पायांत चपला सरकवल्या आणि मला तुझ्या हापिसात ने म्हणाली.

केबिनमध्ये मालकांच्या घरून आलेला उरलासुरला केक होता. साहेब बोटांवरचं क्रीम चाटत होते. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ही आपली म्हणायची गोष्ट, असं मला वाटायचं. त्या दिवशी ते खाताना माणूस कसा दिसतो ते समोर बघितलं. मी आत्याची ओळख करून दिली. साहेबांनी तिला मावशी मावशी करत खुर्ची दिली, केकचा तुकडा पुढे केला आणि छापण्यात एखादा दिवस इकडेतिकडे होतोच, असं समजावलं.

आत्या बसली नाही. तिने पेपर केकशेजारी ठेवला.

"साहेब, तुमच्या पेपरात माझा माणूस सतराला गेलाय. म्हणजे सोळाच्या रात्री तो होता. मी ताट वाढून बसले होते. तो जेवायला का नाही आला, तेवढं उद्या छापा."