फोटोसाठी उभा केलेला माइक

दुपारी चार वाजता मला पिशवीतून काढून स्टँडवर बसवण्यात आले. तार कुणी जोडली नाही. समोर कवयित्री उभी राहिली आणि तिची नणंद म्हणाली, "हं, आता म्हण." मी गोंधळलो. तार नाही, श्रोते नाहीत, मग म्हणायचे कुणासाठी?

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. कारखान्यातून निघालो तो थेट एका छोट्या सभागृहात आलो. माझ्यावर भाषणे झाली, गाणी झाली, हरवलेल्या छत्र्यांच्या सूचनाही झाल्या. कुणी मला टिचक्या मारी, तर कुणी गरम चहावर घालावी तशी फुंकर घाली. कवयित्री मात्र पहिल्यापासून माझ्याशी नीट बोलली. ती कागद धरत नाही. कविता पाठ म्हणते, हात हलवते, मध्येच गप्प होते. "या माइकवर माझा आवाज माझाच वाटतो," असे ती म्हणायची. पुढे सभागृहात बिनतारी माइक आले आणि मी अडगळीत पडलो. तिने मला सभागृहाकडून मागून घेतले आणि घरी नेले. तिथेही वाट्याला कपाटच आले, पण मऊ फडक्यात.

आता एका मोठ्या काव्यमैफलीच्या जाहिरातीत तिचा फोटो छापायचा होता. तिचा पहिला फोटो आयोजकांनी परत पाठवला, कारण तोंडासमोर माइक होता, चेहरा दिसत नव्हता. दुसऱ्यात माइक नव्हता, तर "या कवयित्री वाटत नाहीत," म्हणाले. आज संध्याकाळी सहापर्यंत चांगला फोटो आला नाही तर तिच्या जागी दुसरा कवी घेणार होते. म्हणजे मी असलो तर ती दिसत नाही आणि नसलो तर ती कवयित्री दिसत नाही. मग मी असावे की नसावे?

नणंदेचा स्टुडिओ ओळखपत्रांच्या फोटोंचा. न हलणाऱ्या माणसांची तिला सवय.

"वहिनी, खांदे सैल सोड. चोरी करताना सापडल्यासारखी उभी आहेस."

"मग काय करू?"

"नुसतं तोंड उघड. आवाज नको. बोलताना ओठ वेडेवाकडे येतात."

कवयित्री बिनआवाजाची कविता म्हणू लागली. मी कान टवकारून बसलो, हाती काही लागेना.

"आता दाढ दाखवायला आल्यासारखी दिसतेस."

"वन्सं," कवयित्री म्हणाली. राग आला की ती नणंदेला वन्सं म्हणते. "माझी एक तरी कविता ऐकली आहे का तुम्ही?"

"सवड कुठे मिळते मला?"

कवयित्रीने मला स्टँडवरून उपसले आणि मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. कविता तिच्या सासूवर होती. शेवटी शेवटी सासूला कुणाचे नाव आठवत नसे, पण घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या सदऱ्याची बटणे ती लावून देई. मला वाटले, आता कॅमेरा वाजेल. तो वाजला नाही. कविता संपली तरी नणंद तशीच उभी.

"काढलास का?"

"नाही. राहिलंच." नणंदेने कॅमेऱ्याआडूनच विचारले. "आई असं करायची, हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी घरातच होते ना."

कवयित्रीचा हात खाली आला आणि त्या हातात मी. तेवढ्यात कॅमेरा वाजला. फोटोत तिचे तोंड मिटलेले आहे, केस सुटलेले आहेत, डोळे थेट समोर आहेत. मी कडेला अर्धा कापला गेलो आहे.

"आधीचे नीटनेटके आहेत," नणंद म्हणाली. "पण मला विचारशील तर हा पाठव."

"ही मी कविता म्हणताना दिसते का?"

"माहीत नाही गं. तू दिसतेस."

मित्रांनो, यात माझे काम झाले की नाही, ते मला अजून उमगलेले नाही. विनंती एवढीच, कुणाचा फोटो काढायचा असेल तर आधी त्याचे ऐकून घ्या.

तोच फोटो सहाच्या आत फोनवरून गेला. आयोजकांनी पाहिल्याची खूणही आली. आता सव्वासहा झाले आहेत. दोघी फोनकडे बघत बसल्या आहेत. उत्तर आलेले नाही.