लिंबाजीनं खोदलेलं पेव

मी एक जुनं पेव आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी पेव पाहिलंही नसेल. जमिनीच्या पोटात खोदलेलं धान्याचं कोठार म्हणजे पेव. तोंड एवढं अरुंद की एक माणूस जेमतेम उतरावा, आणि पोट एवढं मोठं की चाळीस पोती ज्वारी मावावी. लोहारा गावापासून दोन कोसांवर, महादेवाच्या देवळाला लागून, गावठाणातल्या पांढरीच्या कोरड्या मातीत माझा जन्म झाला. तेव्हा निजामाचं राज्य होतं.

माझे मालक कल्याणप्पा. पण मला घडवलं लिंबाजीनं. त्यानं अकरा दिवस एकट्यानं कुदळ चालवली. भिंती शेणमातीनं लिंपल्या, आत तुरीच्या काड्या पेटवून त्या भाजून काढल्या. त्या पंचक्रोशीत पेव खोदावं तर लिंबाजीनंच, असं लोक म्हणत. हे ऐकून मला फार अभिमान वाटे.

देवळात सोमवारी दगडोबा बुवांचं कीर्तन होई. मला बुवांचं तोंड कधी दिसलं नाही. पण टाळकऱ्यांच्या पावलांचा ठेका जमिनीतून उतरून माझ्या भिंतींना लागायचा. लिंबाजीही टाळ धरायचा. मला शाळा नाही, पोथी नाही. जे काही चांगलं मला कळलं, ते देवळाच्या ओट्यावरून झिरपत आलेलं आहे. बुवा हसवता हसवता असं काही बोलून जात की वरची सगळी पावलं एकदम थांबत. मग मीही थांबून ऐके.

आता माझ्या दोन खोडी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. बंद तोंडाच्या आत ज्वारीची वाफ कोंडते. ती दिसत नाही, तिला वासही नसतो. तिच्यात माणूस उतरला की चार श्वासांत खाली बसतो आणि उठत नाही. म्हणून तोंड उघडल्यावर आधी दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा विझला तर उतरायचं नाही. घोंगडी खालीवर हलवून वाफ बाहेर काढायची, दिवा पुन्हा सोडायचा. आणि दुसरी खोड अशी की पेव एकदा उघडलं, की सगळं रिकामं करावं लागतं. अर्धं काढून झाकून ठेवलं तर उरलेलं नासतं. म्हणून माझं तोंड उघडण्याचा दिवस म्हणजे गावाचा सणच असे. कल्याणप्पांच्या पत्नी जगदेवी पहिलं सूप देवळात देत आणि दुसरं लिंबाजीला.

मग ती लढाई आली, दुसरं महायुद्ध. कुठं दूर तोफा उडत होत्या म्हणे, पण आमच्याकडं आधी रॉकेल गेलं, मग कापड गेलं, मग ज्वारी गेली. सरकारची माणसं लेव्हीचं, म्हणजे सक्तीच्या वसुलीचं, धान्य मोजून न्यायला येत. ज्यानं कमी घातलं त्याला चावडीसमोर उन्हात वाकवून पाठीवर दगड ठेवत. तो दगड पडल्याचा आवाज मी मोजलेला आहे. एकाच दुपारी सात वेळा.

मित्रांनो, भूक माणसाला नुसती बारीक करत नाही, ती त्याचा हात जड करते. देवळामागच्या रानात एका विधवेनं पाच कणसं खुडली, तर राखणदारानं तिचा हात कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडला. माणसं बांधावर उभी राहून बघत होती. त्यातली निम्मी सोमवारी कीर्तनात डोलणारी होती. दोन सख्खे भाऊ कोंड्याच्या पोत्यावरून दगड घेऊन एकमेकांवर धावले, आणि धाकट्याचा डोळा गेला. लढाई संपली तरी हे संपलं नाही.

शेहेचाळीस साली कल्याणप्पांनी मला गळ्यापर्यंत भरलं आणि तोंडावर फरशी बसवली. फरशीवर माती, मातीवर शेणाचा उकिरडा. दोन वर्षं मला कुणी उघडलं नाही. कल्याणप्पा वाईट नव्हते, मित्रांनो. ते भ्यालेले होते.

अठ्ठेचाळीसच्या वैशाखात लिंबाजी उकिरड्यापाशी आला. कल्याणप्पा तिथंच खाट टाकून बसत.

"आप्पा, दोन पायल्या जवारी पायजे होती."

"कुठून देऊ? घरात मीच कण्या खातोय."

"माझी लेक बानू बाळंतीण झालीय. अंगावर दूध न्हाय. पोरगं बोट चोखतंय. आठ दिस झाले, रानातल्या तरवट्याच्या पाल्यावर हाय ती."

"लिंबाजी, तुलाच ठावं हाय. पेव उघडलं की झाकता येत न्हाय. तूच शिकवलंस मला."

"व्हय. शिकवलं म्या."

"एकाला दिलं की गाव येतंय. गावामागं लेव्हीवाले. मग माझी पोरं काय खातील, माती?"

"माती चांगली हाय इथली. म्या खणलीय."

जगदेवी दारातून म्हणाल्या, "द्या की त्याला. देवळात टाळ्या वाजवताना हात मोकळे असत्यात तुमचे."

"तू आत जा."

"आत काय हाय? चूल बी गार हाय."

लिंबाजीनं हात जोडले आणि तो गेला. मी गळ्यापर्यंत भरलेलो होतो. माझ्या पोटात चाळीस पोती होती, आणि माझ्या बापाच्या घरी पोर उपाशी होतं.

त्याच महिन्यात टोळी आली. निजामी राज्य डळमळलं होतं. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत. कोण कुणाच्या नावानं लुटतोय हे कुणालाच कळत नव्हतं. भर दुपारी बाराजण आले. आधी कल्याणप्पांना खाटेवरून ओढून देवळाच्या पायरीवर आपटलं. दात फुटले, पण ते बोलले नाहीत. मग कुणीतरी सांगितलं की पेवं खोदणारा लिंबाजी आहे, त्याला सगळं ठाऊक असतं.

लिंबाजीला फरफटत आणलं. त्यांच्यातल्या झिपऱ्या केसांच्या एका दांडग्या गड्यानं त्याचा उजवा हात पायरीवर ठेवला आणि बंदुकीचा दस्ता मारला. एकदा, मग पुन्हा. हाडाचा आवाज माझ्या भिंतीत उतरला. लिंबाजी विव्हळला, पण माझी जागा त्यानं सांगितली नाही. ज्या धान्यातला एक दाणा त्याला मिळाला नव्हता, ते तो राखत होता. आणि कल्याणप्पा चार हात अंतरावर पडून बघत होते.

दस्ता तिसऱ्यांदा उचलला तेव्हा जगदेवी धावल्या. त्यांनी दोन्ही हातांनी उकिरडा उपसायला घेतला. शेण, माती, मग नखांनी फरशीची कड.

"हितं हाय. घ्या. न्या. त्याला सोडा."

फरशी सरकली. दोन वर्षांनी माझ्या पोटात उजेड आला. पण त्या उजेडाखाली काय दडलेलं आहे, ते मला ठाऊक होतं आणि लिंबाजीला.

"उतरू नका," तो म्हणाला. "आधी दिवा सोडा."

टोळीचा म्होरक्या हसला. "भर दुपारी दिवा? म्हातारा येडा झालाय."

"आत वाफ हाय. मरशाल."

"तेल तर गावात थेंबभर नाही. वेळ काढतोय हा." त्यानं लिंबाजीच्या तोंडावर लाथ मारली.

झिपऱ्या गड्यानं पोतं काखेत मारलं आणि उडी टाकली. माझ्या पुरुषभर खोल गळ्यातून तो धान्यावर पडला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. दोन मुठी ज्वारी त्यानं तशीच तोंडात कोंबली. तोही उपाशीच होता, मित्रांनो. तिसरी मूठ तोंडापर्यंत पोचली नाही. तो बसला, मग आडवा झाला. वरून हाका आल्या. त्याच्या टोळीतला एकही जण आत यायला तयार होईना.

लिंबाजी उठून बसला. "नाडा आणा मोटंचा. घोंगडी हलवा कुणीतरी, जोरात."

त्याची बायको सारजाबाई गर्दीतून पुढं आली. "कुठं निघालात? त्यानंच हात मोडला तुमचा."

"दुसरा हाय की."

"मरू द्या त्याला."

"सारजे, पेव म्या खणलं. त्यात माणूस मेला तर त्याच्या आईला म्या काय सांगू?"

घोंगडी दहा-बारा वेळा हलली. थोडीच वाफ निघाली. कमरेला तो नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, बांधून, छाती भरून श्वास घेऊन लिंबाजी आत आला. इतक्या वर्षांनी त्याचा तळवा माझ्या भिंतीला लागला. त्यानं गड्याला उचलायला पाहिलं, पण एका हातानं ते होईना. मग त्यानं दातांनी गाठ सोडली, आपल्या कमरेचा नाडा त्या गड्याच्या काखेतून घेतला, दातांनीच गाठ मारली आणि नाड्याला हिसका दिला. गडी वर गेला. वरच्यांनी नाडा सोडून परत खाली टाकेपर्यंत लिंबाजीचा कोंडलेला श्वास सुटला होता. त्यानं माझा श्वास घेतला. ज्यानं मला घडवलं त्याला मी मारलं.

तो गडी जगला. ओकला, रडला. म्होरक्यानं आत उतरायचा हुकूम दोनदा दिला, कुणी हललं नाही. शेवटी चार शेळ्या आणि जगदेवींच्या कानातलं ओरबाडून ते निघून गेले. जगदेवींच्या कानाची पाळी फाटली होती. त्या तशाच माझ्या काठाशी बसून राहिल्या.

गाभाऱ्यातल्या समईत बोटभर तेल होतं. दगडोबा बुवांनी ती समईच नाड्याला बांधून आत सोडली. तीन वेळा विझली. चौथ्यांदा टिकली, तेव्हा कल्याणप्पा स्वतः उतरले, लिंबाजीला खांद्यावर उचलून नाड्याला बांधलं आणि वर पाठवलं. एवढं वजन त्यांनी आयुष्यात कधी उचललं नसेल.

दुसऱ्या दिवशी मला रिकामं केलं. सगळं गाव टोपल्या घेऊन रांगेत उभं राहिलं. लेव्हीवाल्यांना कळेल याची त्या दिवशी कुणी पर्वा केली नाही. कल्याणप्पांनी पहिलं माप सारजाबाईंच्या टोपलीत घातलं, मग दुसरं, मग तिसरं. ते थांबेनात.

"बास करा, आप्पा," सारजाबाई म्हणाल्या. "बानू आन् पोर, दोघंच खाणारी. माझं मन न्हाय खायला."

त्या सोमवारी बुवा कीर्तनाला उभे राहिले, पण निरूपण केलं नाही. नुसतं नाम घेतलं. पावलांचा ठेका खाली आला तेव्हा त्यात एक जागा रिकामी होती. पुढं राज्य बदललं, पेवं गेली, पत्र्याच्या कणग्या आल्या. मला पुन्हा कुणी भरलं नाही. कल्याणप्पा जिवंत होते तोवर दर वैशाखात माझ्या काठाशी ज्वारी वाटत. त्यांच्यामागं ते थांबलं. आज माझ्या तोंडाशी बाभळी वाढल्या आहेत. लोक मला खड्डा म्हणतात आणि कचरा टाकतात. त्याचं मला दुःख नाही.

मित्रांनो, साठवण करू नका असं मी म्हणणार नाही. माझा जन्मच साठवण्यासाठी झाला. पण साठवलेलं फार दिवस कोंडून ठेवलं की त्याचीच वाफ होते, आणि ती आधी चांगल्या माणसाला घेते. दिवस वाईट आले तर आपलं दार लावण्याआधी शेजारची चूल पेटली आहे का, ते पाहा. तुम्हाला वाटतं, मागायला आलेला माणूस रिकाम्या हातानं परत जाताना आवाज करत नाही. करतो. जमिनीखालीसुद्धा ऐकू येतो. मी ऐकलेला आहे.