उलट दिशेची पानं

वाटाड्याने दोन्ही ब्रेक करकचून दाबले, तरी सायकल चार हात पुढे घसरलीच. त्याने पाय टेकले आणि मागे वळून ओरडला, "उतर! आधी खाली उतर!"

मागून येणारी त्याची बायको केव्हाच उतरली होती. सायकल हाताने ढकलत, धापा टाकत ती त्याच्यापर्यंत आली.

"उतरलेय कधीची. मला कुठे उडत जायचंय?" ती म्हणाली.

समोर उजव्या हाताला जुना दगडी मनोरा होता. त्याच्या पायथ्याशी रस्ता एकदम खाली कोसळत होता आणि कोसळता कोसळताच उजवीकडे वळत होता. डावीकडे गुडघाभर उंचीची भिंत, भिंतीखाली खडक, आणि खडकांपलीकडे सकाळच्या उन्हात चमचमणारं तळं. भिंतीचा दोन हात तुकडा नव्याने बांधलेला होता. त्याचे दगड अजून पांढरे दिसत होते.

बायकोची नजर त्या पांढऱ्या दगडांवर गेली आणि तिथेच थांबली. वाटाड्याने पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, आणि न पिताच परत लावलं.

वाटाड्या हे त्याचं नाव सायकलवाल्या मंडळींनी ठेवलेलं. वीस वर्षं तो गावोगावच्या आडवाटा सायकलने पालथ्या घालत आला होता. जुने पूल, पडके दरवाजे, तळ्यांचे काठ, सगळं वहीत टिपून त्याने मार्गदर्शक पुस्तकं केली होती. त्यातलं 'तीन तळ्यांची फेरी' सगळ्यात जास्त चाललं. लोक म्हणायचे, वाटाड्याचं पुस्तक पिशवीत असलं की डोळे मिटून जावं. हे ऐकलं की स्वारी खूश व्हायची. आता तेच शब्द कुणी काढले की तो विषय बदलत असे.

कारण अर्धं पुस्तक त्याने सायकलवर बसून लिहिलंच नव्हतं.

फेरी तो सुलट करायचा, जुन्या पुलापासून निघून मनोऱ्याकडे. पण लोकांना दोन्ही बाजूंनी जाता यावं म्हणून उलट दिशेची पानंही लागायची. ती पानं नवरा-बायको मिळून घरी करायची. जेवणाच्या टेबलावर वही उघडायची, शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचं. तो "डावीकडे" म्हणाला की बायको "उजवीकडे" टाइप करणार, तो "चढ" म्हणाला की ती "उतार". कधी दोघंही गोंधळायची आणि हसून हसून मुरकुंडी वळायची. बायकोची समजूत अशी, की हा नुसता कच्चा खर्डा आहे आणि छापण्याआधी नवरा त्या बाजूने एकदा फिरून खात्री करतो. सुरुवातीला तो करायचाही. तीन तळ्यांच्या वेळी पाऊस लांबला, छापखान्याची घाई झाली, आणि ते राहून गेलं. राहून गेलं, एवढंच.

सुलट येताना या जागी चढ होता. माणूस मेटाकुटीला येऊन पावला-पावलाने वर चढायचा. एवढ्या हळू येणाऱ्याला वळण कसलं जाणवणार? त्याला तळं तेवढं दिसायचं. वाटाड्याने वहीत लिहिलं होतं, मनोऱ्यापाशी छोटा चढ, वळण, उजवीकडे तळ्याचं सुंदर दृश्य. टेबलावर त्याचं उलट झालं आणि तसंच छापून आलं.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी हे पुस्तक घेऊन उलट फेरीला निघाली. घरात ती भिंगरी होती. एका जागी बसेल तर शपथ. निघताना दारातून तिने विचारलं होतं, "बाबा, मनोऱ्यानंतर कसंय?" वाटाड्या चेनला तेल घालत होता. मान वर न करता तो म्हणाला, "पुस्तकात आहे ना सगळं."

पोलिसांनी सांगितलं, मनोऱ्याखालच्या वळणावर सायकल भिंतीवर आदळली, वेग फार होता. बायकोने ते धरून ठेवलं. हजारदा सांगितलं होतं कार्टीला, हळू चालव, आईचं ऐकेल ती कसली, असं ती महिनाभर येईल त्याला सांगत राहिली. मग तिने मुलीचा विषयच बंद केला. मुलीच्या खोलीचं दार तिने लावून टाकलं, फोटो कपाटात उलटा ठेवला, आणि तेव्हापासून 'भिंगरी' हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता. वाटाड्या प्रत्येक वेळी सांगायला तोंड उघडायचा आणि भलतंच काहीतरी बोलायचा. मेलेल्या पोरीच्या नावावर त्याने आपली चूक वर्षभर खपवली होती.

आता पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती. एकदा उलट फिरून येतो, असं तो म्हणाला, तेव्हा बायकोने विचारलं होतं, "परत कशाला? झालीय की तुमची फिरून." तो चाकात हवा भरत राहिला. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मीही येते. बघायचंय मला, असं काय होतं तिथे."

ती आता बघतच होती.

"एवढा मोठा मनोरा दिसत नाही होय माणसाला?" ती म्हणाली. "जरा वेग आवरला असता तर..."

"अगं," वाटाड्याने सुरुवात केली.

मागून घंटी वाजली. दोन तरुण मुली सायकली दामटत येत होत्या, बहिणी असाव्यात. पुढचीच्या हँडलवरच्या पिशवीत पुस्तक उघडं दिसत होतं. वाटाड्या एकदम रस्त्यात आडवा झाला.

"थांबा! थांबा म्हणतो ना!"

दोघींनी कचकचून ब्रेक लावले. "काय झालं काका? रस्ता बंद आहे का?"

"पुढे जीवघेणा उतार आहे. खाली उतरा, ढकलत न्या."

पुढचीने पुस्तकात बोट घालून वाचलं. "छोटा उतार, वळण. डावीकडे तळ्याचं सुंदर दृश्य, जरूर पाहावं." ती हसली. "काका, तुम्ही उगाच घाबरताय. वाटाड्यांनी लिहिलंय हे. ते चुकायचे नाहीत."

"हेच ते," बायको म्हणाली. आवाज कोरडा होता, पण त्यात जुन्या अभिमानाचा एक धागा अजून होता.

"अय्या, खरंच?" धाकटी म्हणाली. "मग तुम्हीच लिहिलंय ना, की..."

"चुकीचं लिहिलंय," वाटाड्या म्हणाला. त्याने बायकोकडे पाहिलं नाही, पुस्तकाकडेच पाहत राहिला. "या बाजूने मी कधी आलोच नव्हतो. आज पहिल्यांदा येतोय."

मुली एकमेकींकडे बघून कसनुशा हसल्या, उतरल्या, आणि सायकली धरून सांभाळून खाली गेल्या. वळणापलीकडून त्यांचा आवाज आला, "बाप रे, खरंच की!"

बायको जागची हलली नव्हती.

"म्हणजे ते टेबलावरचंच," ती म्हणाली. "मी टाइप केलेलं."

"हो."

"जरूर पाहावं, असं."

"हो."

"म्हणजे तिने तळ्याकडे पाहिलं असणार. पुस्तकात होतं म्हणून."

वाटाड्याने पांढऱ्या दगडांकडे पाहिलं. बायकोने सायकल भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात तोंडावर दाबले. तिच्या घशातून जो आवाज आला तो रडण्याचा नव्हता.

"वर्षभर मी पोरीलाच दोष दिला हो," ती म्हणाली. "एक दिवस तरी तिच्यासाठी नीट रडू द्यायचं होतंत मला. तेवढंही नाही."

तो एक पाऊल पुढे आला. तिने तळवा समोर धरला, तसा तो थांबला. मग तिने पदराने तोंड पुसलं, सायकल हातात घेतली आणि उताराकडे वळली.

"मीपण येतो," तो म्हणाला. "एकटी नको जाऊस."

"तुम्ही इथेच थांबा." तिने मागे पाहिलं नाही. "कुणी आलं तर सांगा त्यांना."

दोन्ही ब्रेक धरून, पाय रोवत ती उतरत गेली. पांढऱ्या दगडांपाशी थांबली, खाली बसली, आणि दगडांवर हात फिरवत काहीतरी बोलली. शब्द वरपर्यंत आले नाहीत. मग तिने मोठ्याने हाक मारली, "भिंगरे!" ती हाक मात्र वाटाड्याला नीट ऐकू आली.

थोड्या वेळाने ती उठली आणि वळणाआड गेली.

मागून पुन्हा चाकांचा आवाज आला. वाटाड्या रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने हात वर केला.